डुकराची जात निवडताना: एक किलो वजन तुम्हाला किती रुपयांना पडतं?



वराहपालनाच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता. "सर, यॉर्कशायर घेऊ की क्रॉस घेऊ? कमी खाऊन जास्त वाढणारी जात कोणती?" व्हिडिओत फळ्यावर आकडे भरभर पुढे गेले. म्हणून आज तेच सावकाश, लिहून, हिशोबासकट मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

एक गोष्ट आधीच सांगतो. माझं दुकान पशुखाद्याचं आहे. तुमच्या डुकरांनी जास्त खाल्लं तर माझी पोती जास्त खपतात. तरीही जास्त खाऊन कमी वाढणारी जात घेऊ नका असं मी सांगतोय, कारण जो पालक दीड वर्षात शेड बंद करतो तो मला गिऱ्हाईक म्हणून काही कामाचा नाही.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

समजा तुम्ही सहा महिन्यांच्या माद्या विकत आणल्या. त्या साधारण आठव्या महिन्यात भरवायला येतात. गाभण काळ ११४ दिवसांचा, म्हणजे पावणेचार महिने. पिल्लं विक्रीच्या वजनाला यायला पुढे सहा-सात महिने. बेरीज करा: पहिला खरा पैसा हातात यायला वर्षभर लागतं. कर्जाचे हप्ते मात्र त्याआधीच सुरू झालेले असतात. जात चुकली हे तुम्हाला वर्षाने कळतं, आणि तोपर्यंत शेड भरलेलं असतं.

वराहपालनात एकूण खर्चातला साधारण ७० टक्के खर्च खाद्याचा असतो. मजुरीत, लाईट बिलात, औषधात कितीही काटकसर केली तरी धंदा तरतो किंवा बुडतो तो खाद्यावर. आणि खाद्याचं वजनात रूपांतर किती चांगलं होतं हे बऱ्याच अंशी जातीवर ठरतं. पण फक्त जातीवर नाही. तीच आजची मुख्य गोष्ट आहे.

एफसीआर म्हणजे काय?

डुकराने खाल्लेलं खाद्य भागिले त्याचं वाढलेलं वजन, म्हणजे एफसीआर. ३५ किलो खाद्य खाऊन वजन १० किलोने वाढलं, तर एफसीआर ३.५. आकडा जितका कमी तितकं चांगलं.

बीबीएला आम्हाला 'कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड' शिकवायचे, म्हणजे विकलेला माल आपल्याला किती रुपयांना पडला. डुकराच्या धंद्यात त्याचा सगळ्यात मोठा भाग एका ओळीत निघतो:

एफसीआर × खाद्याचा किलोचा भाव = एक किलो वजन वाढवायचा खाद्यखर्च.

खाद्य २८ रुपये किलो आणि एफसीआर ३.५, तर एक किलो वजन ९८ रुपयांना पडलं. या लेखात मी सगळीकडे २८ रुपये धरतोय. तुमच्या गावचा भाव वेगळा असेल, तो घालून आकडे पुन्हा काढा.

जातीजातीत फरक का पडतो?

दोन कारणं आहेत, आणि दोन्ही समजून घेतली की विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला तुम्ही फसणार नाही.

पहिलं कारण मांस आणि चरबी. मांसात जवळपास ७० ते ७५ टक्के पाणी असतं. चरबीत पाणी फार कमी आणि ऊर्जा भरपूर. त्यामुळे एक किलो चरबी तयार करायला एक किलो मांसापेक्षा कितीतरी जास्त खाद्य लागतं. देशी डुकरं लहान वजनातच चरबी धरायला लागतात. यॉर्कशायर, लँडरेस, हॅम्पशायर, ड्यूरॉक या जाती मोठ्या वजनापर्यंत मांस वाढवत राहतात.

दुसरं कारण दिवस. डुक्कर वाढो न वाढो, जगण्यासाठी, शरीर उबदार ठेवण्यासाठी, हिंडण्यासाठी त्याला रोज खाद्य लागतंच. ४५ किलोच्या डुकराला नुसतं जगायला रोज साधारण सहाशे ग्रॅम खुराक लागतो. आता १५ किलोचं पिल्लू ७५ किलोपर्यंत न्यायचंय, म्हणजे ६० किलो वाढ हवी. रोज ५०० ग्रॅम वाढणारं डुक्कर हे १२० दिवसांत करेल. रोज २५० ग्रॅम वाढणाऱ्याला २४० दिवस लागतील. जादाचे १२० दिवस × ०.६ किलो = ७२ किलो खाद्य. म्हणजे २,००० रुपयांहून जास्त खर्च, आणि त्यातून एक ग्रॅमही वजन वाढलेलं नाही. भाड्याच्या दुकानासारखं आहे हे. विक्री झाली नाही तरी भाडं द्यावंच लागतं.

हे गुण आकाशातून पडलेले नाहीत. डेन्मार्कच्या लोकांनी लँडरेस ही जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मोजून-मापून घडवली. कोणत्या नराची पिल्लं किती खातात, किती वाढतात, चरबीचा थर किती जाड, याच्या नोंदी ठेवल्या आणि चांगल्यांचाच वंश पुढे नेला. या जातीच्या जोरावर त्यांचा बेकनचा व्यापार चालायचा, म्हणून बराच काळ त्यांनी शुद्ध लँडरेस देशाबाहेर विकायलाच बंदी घातली होती. लक्षात घ्या, एफसीआर हा पिढ्यान्‌पिढ्या वजनकाटा वापरून मिळवलेला गुण आहे. ज्या फार्मवर वजनाची वहीच नाही, तिथल्या 'इम्पोर्टेड लाईन'च्या एफसीआरवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

जातींची ओळख

लार्ज व्हाईट यॉर्कशायर: इंग्लंडची, पांढरी, कान उभे. वाढ चांगली, पिल्लं जास्त, आपल्या देशात सगळ्यात जास्त पसरलेली विदेशी जात.

लँडरेस: पांढरी, अंग लांब, कान पुढे पडलेले. मादी दुधाला आणि पिल्लं सांभाळायला चांगली.

ड्यूरॉक: अमेरिकेची, तांबूस, कान पुढे दुमडलेले. वाढीला आणि मांसाच्या प्रतीला चांगली, म्हणून विक्रीची पिल्लं काढायला नर म्हणून वापरतात.

हॅम्पशायर: काळी, खांद्यावरून पुढच्या पायांपर्यंत पांढरा पट्टा. मांस जास्त, चरबी कमी.

देशी: प्रत्येक भागाची वेगळी. बंगालची घुंगरू, उत्तर प्रदेशची घुर्रा, मेघालयची नियांग मेघा, आपल्या शेजारच्या गोव्यातली अगोंदा गोवन. या नोंदणी झालेल्या जाती आहेत. आकार लहान, वाढ हळू, पण उन्हातान्हात आणि कसल्याही खाण्यावर टिकतात.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. डुकरात पांढरा रंग काळ्यावर मात करतो. यॉर्कशायर नर आणि काळी देशी मादी यांची बहुतेक पिल्लं पांढरीच होतात. त्यामुळे "पांढरं आहे म्हणजे प्युअर यॉर्कशायर" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. रंगावरून शुद्धता कळत नाही. आई-बापाची नोंद आणि वजनाची नोंद मागा. प्युअरच्या भावात क्रॉस पिल्लं घेणं हा या धंद्यातला नवख्यांचा सगळ्यात सामान्य तोटा आहे.

आता रुपयात बघू

खालचे एफसीआर मी नियोजनासाठी धरलेले आहेत, तुमच्या शेडमध्ये कमी-जास्त होतील. सगळ्यांना संतुलित खुराक, १५ किलोपासून ७५ किलोपर्यंत, म्हणजे ६० किलो वाढ.

विदेशी किंवा विदेशी-विदेशी क्रॉस: एफसीआर ३.२, खाद्य १९२ किलो, खर्च ५,३७६ रुपये, दिवस साधारण १२०.

विदेशी-देशी क्रॉस: एफसीआर ३.८, खाद्य २२८ किलो, खर्च ६,३८४ रुपये, दिवस साधारण १५०.

देशी: एफसीआर ५, खाद्य ३०० किलो, खर्च ८,४०० रुपये, दिवस साधारण २४०.

एवढं बघून बहुतेक जण वही बंद करतात आणि म्हणतात, "ठरलं, विदेशीच घ्यायची." प्रत्येक डुकरामागे क्रॉसपेक्षा १,००८ रुपये वाचतात, शंभर डुकरांवर लाख रुपये झाले. थांबा. हिशोब अर्धाच झालाय.

मादीचं खाणं कोण मोजणार?

१५ किलोचं पिल्लू आपोआप येत नाही. त्याची आई वर्षभर खाते. मोठी मादी गाभण काळात, दूध पाजताना आणि मधल्या दिवसांत मिळून वर्षाला साधारण एक टन खुराक खाते. २८ रुपयांनी २८,००० रुपये. हा खर्च तिच्या जगलेल्या पिल्लांवर वाटायचा. जन्मलेल्या नाही, दूध तोडेपर्यंत जगलेल्या.

वर्षात दोन वेत, प्रत्येकी ८ पिल्लं जगली, म्हणजे १६ पिल्लं: एका पिल्लावर १,७५० रुपये.

वर्षात १० च पिल्लं जगली: एका पिल्लावर २,८०० रुपये.

फरक १,०५० रुपये. वरचा फरक आठवा: विदेशीने वाढीत वाचवलेले १,००८ रुपये. म्हणजे तुमची शुद्ध विदेशी मादी तुमच्या शेडमध्ये, तुमच्या उन्हाळ्यात पिल्लं नीट जगवू शकली नाही, तर तिच्या चांगल्या एफसीआरचा सगळा फायदा पिल्लू १५ किलोचं व्हायच्या आतच संपला. ५,३७६ अधिक २,८०० म्हणजे ८,१७६. क्रॉसचे ६,३८४ अधिक १,७५० म्हणजे ८,१३४. दोघं एकाच जागी आले.

उलट, शेड थंड आहे, पिल्लांना पहिल्या आठवड्यात ऊब आहे, माणूस रात्री विण्याच्या वेळी हजर आहे आणि विदेशी मादीनेही १६ पिल्लं जगवली, तर विदेशी सरळ हजार रुपयांनी पुढे. जात तीच, माणूस आणि शेड वेगळं.

म्हणून मी एफसीआर नेहमी पूर्ण शेडचा काढायला सांगतो. महिन्यात माद्या, नर, पिल्लं, मोठी डुकरं मिळून किती पोती लागली, आणि सगळ्या मालाचं वजन किती वाढलं.

क्रॉस केल्याने नेमकं काय मिळतं?

इथे खूप गैरसमज आहे. लोकांना वाटतं दोन जातींचा संकर केला की एफसीआर आपोआप सुधारतो. तसं होत नाही.

संकराचा जोर सगळ्यात जास्त दिसतो तो पिल्लांच्या संख्येत, पिल्लं जगण्यात आणि मादीच्या दुधात. वाढीच्या वेगात मध्यम दिसतो. खाद्याच्या रूपांतरात सगळ्यात कमी. क्रॉस पिल्लाचा एफसीआर साधारणपणे आई आणि बापाच्या मधे कुठेतरी येतो, फार थोडा सरस. म्हणजे एफसीआर हवा असेल तर तो आई-बापाच्या निवडीतून येतो, संकरातून नाही. संकरातून येतात जगलेली पिल्लं.

म्हणूनच जगभरचे मोठे फार्म तीन जातींचा क्रॉस करतात. लँडरेस आणि यॉर्कशायर यांची क्रॉस मादी तयार करायची, कारण ती पिल्लं भरपूर देते आणि जगवते. तिला ड्यूरॉकचा नर लावायचा, म्हणजे विक्रीच्या पिल्लात वाढ येते. मादीकडून संख्या, नराकडून वाढ.

आपल्या देशातल्या संस्थांनी तयार केलेले क्रॉस बघा. गुवाहाटीजवळच्या राणी इथल्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राची 'राणी' म्हणजे हॅम्पशायर आणि घुंगरू निम्मे-निम्मे. आसाम कृषी विद्यापीठाची 'एचडी-के ७५' म्हणजे ७५ टक्के हॅम्पशायर, २५ टक्के देशी. रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठाची 'झारसुक' टॅमवर्थ आणि देशीपासून. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची 'लँडली' लँडरेस आणि घुर्रापासून. तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाची 'केपीएम गोल्ड' आणि तिरुपतीची 'टी-१७' या यॉर्कशायर आणि देशीपासून. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: प्रत्येकाने थोडं देशी रक्त मुद्दाम ठेवलंय. वाढ आणि खाद्य रूपांतर विदेशी बाजूकडून, आणि आपल्या हवेत, साध्या खाण्यावर टिकायची ताकद देशी बाजूकडून.

एक सूचना. पहिल्या पिढीचे क्रॉस नर-मादी आपसात लावू नका. पुढच्या पिढीत संकराचा निम्मा जोर जातो आणि पिल्लं एकसारखी येत नाहीत: एक ३० किलोचं, त्याच्याच शेजारी १८ किलोचं. भाऊ-बहीण, बाप-मुलगी असं लागलं तर पहिला फटका बसतो तो पिल्लांच्या संख्येला आणि जगण्याला. नर दुसऱ्या फार्मवरून आणा आणि त्याच्या मुली भरवायला येण्याआधी तो बदला.

तुमचं खाद्य कोणतं, त्यावर जात ठरवा

जात आधी आणि खाद्य नंतर, असा विचार करू नका. तुमच्या गावात वर्षभर काय मिळतं ते आधी बघा.

पहिला प्रकार: पूर्ण खुराक. मका, सोया पेंड, गव्हाचा कोंडा, मिनरल मिक्श्चर, किंवा तयार पोती. इथे विदेशी किंवा तीन जातींचा क्रॉस घ्या. पण अट आहे. मांस वाढवणाऱ्या जातीला मांस बनवायचा कच्चा माल लागतो, म्हणजे प्रोटीन आणि त्यातही लायसिन. खर्च वाचवायला सोया पेंड कमी करून नुसता मका-कोंडा घातला, तर ड्यूरॉकचं पिल्लूही चरबी धरायला लागतं आणि एफसीआर बिघडतो. महागडी जात आणि स्वस्त खाद्य हे सगळ्यात तोट्याचं जोडपं आहे.

दुसरा प्रकार: मिश्र. हॉटेल-मेसचं खरकटं, भाजी मंडईतला उरलेला माल, बेकरीचा माल, आणि सोबत थोडा खुराक. इथे ५० ते ७५ टक्के विदेशी रक्ताचा क्रॉस सोयीचा.

तिसरा प्रकार: घरामागे चार-पाच डुकरं, घरचं उरलेलं आणि भाताचा कोंडा. इथे देशी किंवा निम्मा क्रॉस. देशी डुक्कर तंतुमय, हलक्या खाण्यावर जास्त तग धरतं. त्याच खाण्यावर शुद्ध यॉर्कशायर नुसतं हाडं दाखवत उभं राहील. पण खुराकाची पोती विकत आणून देशी डुक्कर वाढवायचं असेल, तर वरचे ८,४०० रुपये पुन्हा वाचा.

खरकटं फुकट नसतं

"सर, माझं खाद्य फुकट आहे, मला एफसीआरची काय गरज?" हे वाक्य मी प्रत्येक बॅचला ऐकतो. चला मोजू.

४० डुकरं, प्रत्येकी रोज ६ किलो खरकटं, एकूण २४० किलो. टेम्पोचं डिझेल, आणणाऱ्याची मजुरी, उकळायला लाकूड मिळून रोजचे १,४०० रुपये धरा. खरकट्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणजे एका डुकराच्या पोटात कोरडं खाद्य जेमतेम सव्वा ते दीड किलो जातं. त्यावर वाढ रोज ३५० ग्रॅम धरली तर ४० डुकरांची १४ किलो. १,४०० भागिले १४ म्हणजे १०० रुपये किलो. खुराकावर क्रॉस डुकराचा खर्च किती होता? ३.८ × २८ म्हणजे १०६ रुपये. फुकटच्या मालात आणि विकतच्या मालात फरक फक्त सहा रुपयांचा.

याचा अर्थ खरकटं वाईट असा नाही. त्याच टेम्पोत दुप्पट माल आला तर खर्च खाली येतो. पण तिथेही जात मोजावीच लागते, कारण हळू वाढणारं डुक्कर तुमचा टेम्पो जास्त दिवस पळवतं.

आणि खरकटं न उकळता कधीही घालू नका. आफ्रिकन स्वाईन फीवर २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये आपल्या देशात पहिल्यांदा सापडला. त्यावर औषध नाही, आणि तो मांसाच्या उरलेल्या तुकड्यांतूनही पसरतो. सतत ढवळत निदान तासभर चांगलं उकळा. इथे लाकूड वाचवलं तर पूर्ण शेड जाऊ शकतं.

कधी विकायचं?

एफसीआर डुकराच्या वयाबरोबर बिघडत जातो. लहान पिल्लाचा आकडा दोनच्या आसपास असतो, मोठ्या डुकराचा चारच्या वर जातो. म्हणून कोणी म्हणालं, "आमच्या लाईनचा एफसीआर २.२ आहे," तर लगेच विचारा, "किती किलोपासून किती किलोपर्यंत? कोणत्या खाद्यावर?" ८ किलोपासून २५ किलोपर्यंतचा आकडा ९० किलोच्या डुकराला लावून धंद्याचा कागद बनवू नका.

विक्रीचा नियम सोपा आहे. गेल्या पंधरा दिवसांचा एफसीआर काढा आणि खाद्याच्या भावाने गुणा. जिवंत डुकराचा भाव १३० रुपये धरला, तर १३० भागिले २८ म्हणजे ४.६. शेवटच्या पंधरवड्याचा एफसीआर ४.६ झाला म्हणजे नवीन प्रत्येक किलोवर कमाई शून्य, मजुरी वेगळीच. मी चारलाच थांबायला सांगतो. देशी डुक्कर या रेषेवर फार लवकर येतं, क्रॉस त्यानंतर, चांगलं विदेशी सगळ्यात शेवटी. "अजून थोडं वाढू दे, दिवाळीपर्यंत थांबू" असं म्हणताना हा आकडा बघा. सणाच्या भावात चार रुपये जास्त मिळतील, पण तोपर्यंत त्याने खाल्लेलं कोण भरून देणार?

उन्हाळा विसरू नका

डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. ऊन वाढलं की ते खाणं कमी करतं, आणि खाणं कमी म्हणजे वाढ कमी, दिवस जास्त. वेगाने वाढणाऱ्या जातींच्या अंगात उष्णताही जास्त तयार होते, म्हणून त्यांना त्रास जास्त. विदर्भ, मराठवाडा, खानदेशच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली विदेशी डुकराचा कागदावरचा एफसीआर मिळणार नाही. उंच छप्पर, पत्र्यावर गवत किंवा पांढरा रंग, फॉगर किंवा पाण्याचा फवारा, भरपूर थंड पाणी, आणि खुराक सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा. हा खर्च प्रोजेक्टमध्ये धरलाच नसेल, तर तुमच्यासाठी क्रॉसच बरा.

गृहपाठ: दहा पिल्लांची चाचणी

पन्नास-शंभर डुकरांवर पैसे लावण्याआधी दहा पिल्लं आणा, तुमच्या खाद्यावर ६० दिवस सांभाळा आणि फक्त तीन गोष्टी लिहा: सुरुवातीचं वजन, किती खाद्य लागलं, शेवटचं वजन.

उदाहरण. दहा पिल्लांचं सुरुवातीचं वजन १६० किलो. साठ दिवसांनी ४२४ किलो. वाढ २६४ किलो. खाद्य ५० किलोची १९ पोती, त्यातलं २० किलो उरलं, म्हणजे लागलं ९३० किलो. ९३० भागिले २६४ म्हणजे ३.५२. गुणिले २८ म्हणजे किलोला साधारण ९९ रुपये. रोजची वाढ एका डुकरामागे ४४० ग्रॅम. एखादं पिल्लू मेलं तर त्याचं वजन शेवटच्या बेरजेत धरू नका, पण त्याने खाल्लेलं खाद्य खर्चातून वजाही करू नका. तो तुमचा खरा खर्च आहे. गव्हाणीबाहेर सांडलेलं खाद्यही खाल्लेल्यातच धरा, पैसे त्याचेही गेलेत.

वजनकाटा नसेल तर शिवणकामाचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर × घेर × लांबी भागिले ८८०, म्हणजे अंदाजे वजन किलोत. घेर ३६, लांबी ३८ असेल तर साधारण ५६ किलो. अंदाजच आहे, पण डोळ्याने सांगितलेल्या वजनापेक्षा बरा. व्यापारी गाडी घेऊन दारात आला की हा टेप तुमच्याच उपयोगाचा आहे.

शक्य असेल तर पाच पिल्लं एका जातीची आणि पाच दुसरीची घ्या, वेगळ्या खणात ठेवा, खाद्य तेच घाला. साठ दिवसांनी तुमच्या हातात तुमच्या शेडचा, तुमच्या हवेचा, तुमच्या खाद्याचा आकडा असेल. बँकेच्या साहेबांसमोर प्रोजेक्ट रिपोर्ट ठेवताना सीएने टाईप केलेल्या आकड्यापेक्षा ही दोन पानांची वही जास्त बोलते.

पिल्लं घ्यायला जाताना विचारायचे प्रश्न

१. आई-बाप कोणत्या जातीचे, दाखवता का?
२. या मादीने गेल्या दोन वेतांत किती पिल्लं दिली आणि दूध तोडेपर्यंत किती जगली?
३. दूध तोडताना वजन किती होतं, आत्ता वय किती, वजन किती?
४. तुमच्याकडे खाद्य कोणतं घालता? तेच मी घालणार आहे का?
५. नर कधी बदलला?
६. स्वाईन फीवरची लस कधी दिली? (ही लस क्लासिकल स्वाईन फीवरची. आफ्रिकन स्वाईन फीवर वेगळा, तिच्याने तो थांबत नाही.)

सहापैकी चार प्रश्नांना "बघायला लागेल" असं उत्तर आलं, तर चहा प्या आणि परत या. पैसे खिशात आहेत तोवर दुसरा फार्म बघता येतो.

आता वहीत दोनच ओळी लिहा: माझं खाद्य कोणतं, आणि ते मला किलोला किती रुपयांना पडतं, वाहतूक आणि मजुरी धरून. या दोन ओळी भरल्याशिवाय जात ठरवू नका. पुढच्या भागात आपण मका, सोया पेंड आणि कोंडा घेऊन घरच्या घरी खुराक कसा बसवायचा ते बघू. तोपर्यंत दहा पिल्लांची जागा साफ करून ठेवा.